लांब केसांचें मांजर : निवड आणि निगा

मांजर कसें पाळावें हें कोंकणांतल्या माणसास कोणी शिकवावयास नको. येथें मांजर कोणी पाळीत नाहीं. तें आपण होऊन राहावयास येतें. माळ्यावर नाहीं तर लांकडांच्या राशीआड पिलें होतात, आई तीं तोंडांत धरून सात घरें फिरविते असें आपण म्हणतों, आणि त्या फेऱ्यांत एखादें पिलूं आपल्या चुलीजवळ मागें राहिलें म्हणजे तें आपलें. त्यास सकाळ-संध्याकाळ दूधभात घातला कीं आपलें कर्तव्य संपलें. बाकीचा चरितार्थ तें उंदीर, पाली, सरडे यांवर चालवितें, आणि एखादे दिवशीं शिंकें तुटलें तर त्या दिवशीं त्याची दिवाळी.

परंतु अलीकडे एक निराळेंच मांजर ठिकठिकाणीं दिसूं लागलें आहे. अंगावर बोटभर लांब, रेशमासारखे केस, वाटोळें डोकें, आखूड पाय, चवरीसारखी शेपटी, आणि स्वभाव असा गरीब कीं मुलांनीं बाहुलीसारखें उचललें तरी नखें काढीत नाहीं. यास पर्शियन म्हणजे इराणी मांजर म्हणतात. पूर्वीं हें मुंबई-पुण्याच्या श्रीमंत दिवाणखान्यांतच दिसे. आतां तें माणगांवासारख्या तालुक्याच्या गांवींही आलें आहे. आमच्या घरीं तें चार वर्षांपूर्वीं आलें. या चार वर्षांत आम्ही जें शिकलों त्यांतील बरेंचसें चुकून शिकलों. तीच चूक दुसऱ्या घरीं होऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.

आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील बंधू व वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व त्यांची मंडळी, मुलगा, सून आणि नातवंडें मिळून रोज अकरा पानें मांडावीं लागतात. धाकट्या नातीच्या हट्टास्तव मांजर आणण्याचें ठरलें. जुने संस्कृतचे मास्तर म्हणून नांव ठेवण्याचा मान आम्हांस मिळाला. संस्कृतांत मांजरास मार्जार, बिडाल, ओतु अशीं नांवें आहेत. त्यांतलें 'ओतु' आम्हीं सुचविलें. शब्द पुल्लिंगी आणि मांजर स्त्रीजातीचें, ही अडचण मागाहून ध्यानांत आली. पण तोंवर मुलांनीं नांव पक्कें करून टाकलें होतें. मार्जार हा शब्द मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें या धातूपासून झाला आहे. दिवसभर अंग चाटून पुसून ठेवणाऱ्या प्राण्यास तो शोभतोच. मात्र लांब केसांच्या मांजरास हें काम एकट्यानें निभत नाहीं. तें कसें, तें पुढें सांगूं.

कुळाची हकीकत

रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यानें १६२० सालीं इराणांतून लिहिलेल्या पत्रांत खोरासान प्रांतांतील लांब, मऊ केसांच्या मांजरांचें वर्णन केलें आहे, आणि तीं इटलीस नेण्याचा आपला बेतही कळविला आहे. हाच गृहस्थ पुढें हिंदुस्थानांत आला आणि आमच्याच रायगड जिल्ह्यांतील चौल बंदरास येऊन गेला. युरोपांत या मांजरांचें कौतुक हळूहळू वाढत गेलें. १३ जुलै १८७१ रोजीं हॅरिसन वीअर या चित्रकारानें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, त्यांत लांब केसांचीं इराणी मांजरें मांडलेलीं होतीं. तेव्हांपासून त्यांच्या वंशावळी लिहून ठेवण्याची चाल पडत गेली.

मौज अशी कीं, आजच्या पर्शियन मांजराचा वंश तपासून पाहतां तें इराणकडील मांजरांपेक्षां पश्चिम युरोपांतील मांजरांस अधिक जवळचें असल्याचें शास्त्रज्ञांस आढळलें आहे. म्हणजे नांव इराणचें आणि कूळ विलायतेंतलें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत आपापला कुलवृत्तांत असेल. वंशावळींत नांव असणें ही एक गोष्ट आणि प्रकृति निकोप असणें ही दुसरी, हें त्यांस निराळें सांगावयास नको.

पिलूं कसें निवडावें

विकणारे लोक या मांजरांचे तोंडावरून भाग पाडतात. ज्याचें नाक थोडें बाहेर आलेलें असतें तें 'डॉलफेस', आणि ज्याचें तोंड ठोसा मारून आंत दाबल्यासारखें चपटें असतें तें 'पंचफेस'. चपट्या तोंडाची किंमत अधिक, म्हणून ऐपत असलेला मनुष्य तेंच मागतो. आमचा अनुभव आणि डॉक्टरांचा सल्ला याच्या उलट आहे. तोंड जितकें चपटें तितक्या नाकपुड्या अरुंद, श्वासास अडथळा, दांतांची दाटी, आणि अश्रु वाहून नेणारी नळी वांकडी झाल्यामुळें डोळ्यांतून सदैव पाणी. हा अलंकार नव्हे, व्यंग आहे. पाहण्याची सोपी खूण अशी : पिलाचें तोंड समोरून पाहावें; नाकाचा वरचा कांठ डोळ्यांच्या खालच्या पापणीच्या वर गेलेला नसावा. पिलूं स्वस्थ निजलें असतां त्याचा श्वास ऐकावा. घोरण्यासारखा आवाज येत असेल तर परत फिरावें.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडांची. या जातींत मूत्रपिंडांत पाण्याच्या गांठी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. त्याचें कारण असलेला जनुकांतील दोष २००४ सालीं सांपडला. आईबापांपैकीं एकास जरी हा दोष असला तरी सरासरीनें निम्म्या पिलांत तो उतरतो, आणि लहानपणीं त्याचें कांहींएक चिन्ह दिसत नाहीं. मध्यम वयांत मांजर वाळूं लागतें, वरचेवर पाणी पितें, तेव्हां कळतें. पण तोंवर उपायाची वेळ गेलेली असते. सुदैवानें रक्ताच्या वा लाळेच्या तपासणीनें हा दोष ओळखतां येतो. म्हणून पिलाचें रूप पाहण्यापूर्वीं त्याच्या आईबापांचे तपासणीचे कागद मागावे. लग्न जमवितांना सगोत्र टाळण्याची आपली रीत आहे; तीच दृष्टि येथें ठेवावी. वंशावळीच्या कागदावर आईकडील आणि बापाकडील आजा एकच असेल तर तो कागद कितीही सुबक असला तरी पिलूं घेऊं नये. अमेरिकेंत १९६० नंतर निपजविलेली 'रॅगडॉल' ही जातही अशीच लांब केसांची व अत्यंत गरीब. तिच्यांत हृदयाच्या विकारासाठीं अशीच तपासणी करून घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट वयाची. पिलूं बारा आठवड्यांचें होईपर्यंत आई व भावंडें यांच्यापासून तोडूं नये. चावणें कोठवर, नखें केव्हां आवरावीं, हें तें त्यांच्याकडूनच शिकतें. सहा आठवड्यांचें पिलूं हातांत मावतें म्हणून मोह होतो, पण तें पुढें भित्रें किंवा चिडकें निघण्याचा संभव फार. तें ज्या घरीं जन्मलें तेथें जाऊन आईस पाहतां आलें तर उत्तम. आई माणसाजवळ येत असेल तर पिलाच्या स्वभावाची निम्मी खात्री झाली. दुकानांतून घेणें झाल्यास त्याची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे कीं नाहीं तें विचारावें. २०१८च्या नियमांप्रमाणें ती आवश्यक आहे. रस्त्यावर टोपलींतून वा पिंजऱ्यांतून विकावयास आणलेलें पिलूं दयेपोटींही विकत घेऊं नये. एक घेतलें म्हणजे विकणारा त्याच्या जागीं दुसरें आणून ठेवतो.

खाण्याचा प्रश्न

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळूं. आपलीं घरें शाकाहारी. मांजर हा प्राणी मात्र पूर्णपणें मांसाहारी आहे, आणि ही त्याची आवड नसून त्याच्या देहाची रचना आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य मांसांत असतें. मांजराच्या शरीरास तें पुरेसें तयार करतां येत नाहीं. तें न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजून अंधत्व येतें आणि हृदय पसरून दुबळें होतें. हा हृदयरोग टॉरिनच्या अभावानें होतो, हें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें. गाजराच्या रंगापासून आपलें शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवितें. मांजराचें बनवीत नाहीं. आणि वयांत आलेल्या बहुतेक मांजरांस दूध पचतही नाहीं.

मग आपल्या आजीच्या वेळचीं मांजरें दूधभातावर कशीं जगलीं? त्याचें उत्तर वर येऊनच गेलें आहे. तीं दूधभातावर जगत नव्हतीं. उंदरांवर जगत होतीं, आणि दूधभात हा वरचा नैवेद्य होता. घरांत कोंडलेल्या, शिकार न शिकलेल्या लांब केसांच्या मांजरास तो उंदीर नाहीं. आपण वाटींत घालूं तेंच त्याचें जग.

हें आज आम्ही स्पष्ट लिहितों, पण तें आधीं ठाऊक नव्हतें. ओतु आली तेव्हां तिचें डब्यांतलें तयार खाद्य पडवींत वेगळ्या फळीवर ठेवावें, वाटी वेगळी असावी, ती स्वयंपाकघरांत येऊं नये, असें ठरलें होतें. वहिनींस तेंही रुचलें नव्हतें, पण नातवंडांकडे पाहून त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या वर्षीं आषाढी एकादशीस त्यांनीं चातुर्मासाचा नेम धरला आणि विचारिलें, "भाऊजी, चार महिने तरी हें मांसान्न उंबऱ्याबाहेर राहील का?" निर्णय आमच्यावर आला. आम्हीं लहानपणापासून पाहिलेलीं दूधभात खाणारीं सारीं मांजरें डोळ्यांपुढें आणलीं आणि हो म्हटलें. दोष असेल तो आमचा आहे.

पहिले दोन दिवस ओतुनें दूध घेतलें. तें पचलें नाहीं. मग तिनें वाटीकडे पाहणें सोडलें. पनीर, साय, तूपभात सारें पुढें ठेवून झालें. आमचें जुनें गांवठी मांजर असतें तर त्यानें घर डोक्यावर घेतलें असतें आणि तेवढ्यानें भागलें नसतें तर शेजारच्या मासळीवर झडप घातली असती. ओतु खिडकींत बसून राहिली. तक्रार नाहीं, ओरडणें नाहीं. आम्ही आपसांत म्हणत होतों, किती शहाणी आहे, उपासालासुद्धां बसली! सहाव्या दिवशीं नात म्हणाली, "आजोबा, हिचे कान आंतून पिवळे दिसतात."

भर पावसांत तिला घेऊन पनवेलपर्यंत गेलों. डॉक्टरांनीं सांगितलें तें प्रत्येक मांजर पाळणाऱ्यानें लक्षांत ठेवावें. मांजर, विशेषतः अंगानें भरलेलें, तीन-चार दिवस उपाशी राहिलें तर त्याच्या अंगांतील चरबी यकृतांत येऊन साठते आणि यकृत बंद पडूं लागतें. मग भूक उरलीसुरली तीही जाते. मनुष्याचा उपास मांजरास चालत नाहीं. एक दिवस अन्नास तोंड लावलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. तिसऱ्याची वाट पाहूं नये. नाकांतून बारीक नळी घालून तिला चार दिवस तेथें अन्न दिलें, आणि पुढें तीन आठवडे घरीं दर तीन तासांनीं पिचकारीनें थोडें थोडें भरवावयास सांगितलें.

एकत्र कुटुंबाचा उपयोग त्या वेळीं कळला. दिवसाच्या पाळ्या मुलांनीं व सुनेनें वांटून घेतल्या. रात्रीची आमच्याकडे आली. पहाटे चारची पाळी कोणाची, असा प्रश्न निघाला तेव्हां वहिनींनीं ती स्वतः मागून घेतली. आम्हीं त्यांच्या नेमाची आठवण दिली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, नेम मी धरला होता, तिनें कुठें धरला होता?" ओतुला भरवावें, मग विहिरीवर स्नान करावें आणि पूजेस बसावें, असा क्रम त्यांनीं तीन आठवडे चालविला. त्यांचा चातुर्मास त्यांनीं पुरा पाळला. तयार खाद्याचा डबा पडवींतल्या फळीवर परत गेला, आणि तेव्हांपासून त्यावर झांकण नीट लागलें आहे कीं नाहीं, हें घरांत त्याच पाहतात.

म्हणून आमचें सांगणें असें : ज्या घरास मांसाचें तयार खाद्यही उंबऱ्याच्या आंत नको असेल त्यानें मांजर पाळूं नये, यांत कमीपणा कांहीं नाहीं. गाय, पोपट न ठेवतां दाणे घातलेलीं अंगणांतलीं पांखरें, हीं त्या घरास शोभतात. पण मांजर आणून त्यास आपला आचार शिकविणें ही धर्मबुद्धि नव्हे.

केस, डोळे, ऊन आणि पाऊस

केस रोज विंचरावे. पंधरा मिनिटें पुरतात. पण आठवड्याचें काम रविवारीं करूं म्हटल्यास होत नाहीं. प्रथम विरळ दातांची पोलादी फणी, मग बारीक. कानांमागें, पुढच्या पायांच्या बगलेंत, पोटाखालीं आणि मागच्या मांड्यांवर जटा आधीं धरतात. जट कात्रीनें कापूं नये. जटेबरोबर कातडी वर उचलली जाते आणि कापते. बोटांनीं कोरडीच सोडवावी, न सुटल्यास डॉक्टरांकडून काढवावी. जे केस फणींत येत नाहींत ते चाटतांना पोटांत जातात आणि त्यांचा गोळा होतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील ओल उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें रोज पुसावी. प्रत्येक डोळ्यास निराळा कापूस.

आमच्या बाजूस वर्षास ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या दिवसांत केसांच्या मुळाशीं ओल राहिली तर कातडी खराब होते, आणि या जातीस नायटाही लवकर धरतो. तो मांजरापासून मुलांस लागतो, म्हणून अंगावर वाटोळा केस गेलेला डाग दिसतांच दोघांसही दाखवावें. पावसाळ्यांत न्हाऊं घालण्याची घाई करूं नये. घातलें तर मुळापर्यंत वाळवावें.

उन्हाळा त्याहून कठीण. आमच्यापासून जवळच्या भिरा येथें मार्च २०१७ मध्यें उष्णतामान ४६.५ अंशांवर गेलें होतें. कुत्र्याप्रमाणें तोंड उघडून धापा टाकणें हें मांजराचें साधें लक्षण नव्हे. तें संकटाचें आहे. दुपारीं त्यास शहाबादी फरशीच्या थंड खोलींत ठेवावें, पंखा असावा, दोन-तीन ठिकाणीं पाण्याचीं मातीचीं भांडीं असावीं. पत्र्याखालच्या खोलींत कधीं कोंडूं नये.

मातीचें तसराळें रोज स्वच्छ करावें; न केल्यास मांजर दुसरी जागा शोधतें आणि तो दोष त्याचा नसतो. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक परजीवी पोटांतील गर्भास बाधूं शकतो. यासाठीं घरांत गरोदर सून वा लेक असेल तर हें काम दुसऱ्यानें करावें. मांजर घालविण्याचें कारण नाहीं.

औषधांविषयीं एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. घरोघरीं असणारी तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विष आहे. एक गोळीही प्राण घेते. कांदा व लसूण कोणत्याही रूपानें देऊं नये. फुलदाणींत लिलीचीं फुलें ठेवूं नयेत. त्यांच्या परागानेंही मूत्रपिंडें बंद पडतात. कुत्र्याच्या पिसवांचें औषध मांजरास लावूं नये. लसी आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, तिसऱ्या महिन्यांत रेबीजची टोंचावी, आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांत शस्त्रक्रिया करून घ्यावी. नाहीं तर दाराबाहेर बोक्यांची सभा भरते.

शेवटीं डॉक्टर. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांसाठीं. मुंबईस परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. तेथेंच १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. परंतु पिवळे कान दिसल्यावर परळ फार दूर पडतें. मांजर आणण्यापूर्वींच, मांजरांचा अनुभव असलेला जवळचा डॉक्टर कोण, रविवारीं तो भेटतो काय, हें विचारून ठेवावें.

भार कोणावर

वैष्णव आचार्यांच्या ग्रंथांत मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय असे दोन दृष्टांत येतात. माकडाचें पोर आईच्या पोटास स्वतः घट्ट धरून असतें; मांजराचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आई उचलील तिकडे लोंबत जातें. वर्गांत हे दृष्टांत आम्हीं कित्येकदां समजावून सांगितले. भक्ताच्या बाजूनें ते गोड वाटतात. त्यांत उचलणाऱ्याची बाजूही आहे, तिकडे त्या पावसाळ्यापर्यंत आमचें लक्ष गेलें नव्हतें.

हें मांजर बारा ते पंधरा वर्षें जगतें. आज हट्ट करणारी नात तोंवर कॉलेजांत किंवा सासरीं असेल. म्हणून आणण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांसह सर्वांनीं एकत्र बसून चार प्रश्न सोडवावे : त्याचें अन्न कोठें ठेवावयाचें, फणी रोज कोणीं करावयाची, मे महिन्यांत तें कोणत्या खोलींत राहणार, आणि मुलें बाहेरगांवीं गेल्यावर तें कोणाचें. यांतील पहिला प्रश्न ज्यांस सर्वांत जड वाटेल त्यांनाच तो सर्वांआधीं विचारावा. आम्हीं तसें केलें असतें तर वहिनींना चार महिने पुरे होण्याआधींच पहाटे चारला उठावें लागलें नसतें.